नमुन्याचा आकार ठरवण्यापूर्वी: व्यवसायातील माहिती संकलन आणि नमुना निवड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनीच्या सुमारे १०,००० ग्राहकांच्या समाधानाची पाहणी करायची आहे, त्यासाठी समष्टी, नमुना, प्राचल या मूलभूत संकल्पना समजून घ्यायच्या आहेत, माहिती गोळा करण्याची आणि नमुना निवडण्याची योग्य रीत कोणती हे जाणून घ्यायचे आहे, आणि एकूण ग्राहकांच्या १० टक्के नमुना पुरेसा ठरेल का याचे उत्तर हवे आहे. शेवटच्या भागाचे उत्तर आधीच देतो. नमुन्याचा आकार टक्केवारीवरून ठरत नाही, आणि मुळात तो सर्वांत शेवटी ठरवायचा असतो. कोणाविषयी बोलायचे आहे, त्यांची यादी कुठून मिळणार, त्या यादीतून निवड कशी होणार आणि निवडलेल्यांपैकी जे उत्तर देणार नाहीत त्यांचे काय करायचे, हे ठरलेले नसेल तर १,००० जणांचा नमुना १०० जणांच्या नमुन्याइतकाच फसवा निघू शकतो. किंबहुना जास्तच, कारण मोठ्या आकड्यावर लोकांचा विश्वास चटकन बसतो.

पहिली पायरी म्हणजे ज्या निर्णयासाठी पाहणी करायची तो निर्णय कागदावर लिहून काढणे. ‘ग्राहकांचे समाधान जाणून घेणे’ हा निर्णय नव्हे. ‘तक्रार निवारण केंद्र रात्रीही चालू ठेवायचे की नाही’ हा निर्णय आहे, आणि तो एकदा लिहिला की समष्टी आपोआप स्पष्ट होऊ लागते. ज्या सर्व व्यक्तींविषयी, व्यवहारांविषयी किंवा वस्तूंविषयी आपल्याला निष्कर्ष काढायचा आहे, त्यांचा संपूर्ण समूह म्हणजे समष्टी. त्या समूहातील एकेक घटक म्हणजे एकक, आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी त्यातून निवडलेली काही एकके म्हणजे नमुना. हे एकक कोणते, याकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. तक्रारींच्या बाबतीत एकक ‘ग्राहक’ आहे की ‘तक्रार’? एकाच ग्राहकाने वर्षभरात वीस तक्रारी केल्या असतील तर ग्राहकांच्या यादीत तो एकदाच येतो आणि तक्रारींच्या यादीत वीसदा. ‘किती टक्के ग्राहक नाराज आहेत’ आणि ‘किती टक्के तक्रारी वेळेत सुटल्या’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाच्या यादीवरून दुसऱ्याचे उत्तर काढता येत नाही.

समष्टी ही कल्पनेतली गोष्ट. प्रत्यक्षात आपल्या हाती असते ती यादी, जिला नमुना-चौकट म्हणतात. या दोहोंतील तफावत कोणत्याही सूत्राने भरून निघत नाही. लेखा विभागाकडून आलेली ग्राहकांची एक्सेल फाइल डोळ्यांखालून घातली तर साधारण काय दिसते? एकच ग्राहक दोन वेगवेगळ्या शुद्धलेखनांनी नोंदलेला असतो, त्यामुळे त्याच्या निवडीची शक्यता दुप्पट होते. ग्राहक संस्था असेल तर दिलेला दूरध्वनी क्रमांक बिल चुकते करणाऱ्या कारकुनाचा असतो, वस्तू वापरणाऱ्याचा नव्हे. आणि सर्वांत घातक बाब अशी की फाइल ‘सध्याच्या’ ग्राहकांची असते, म्हणजे जे नाराज होऊन सोडून गेले ते त्यातून आधीच वगळले गेलेले असतात. अशा यादीतून अगदी निर्दोष पद्धतीने नमुना काढला तरी समाधानाची टक्केवारी फुगलेलीच येणार. म्हणून समाधानाच्या पाहणीत गेल्या बारा महिन्यांत एकदा तरी व्यवहार केलेले सर्व ग्राहक, खाते बंद झालेले धरून, यादीत घ्यावेत असा माझा आग्रह असतो. त्यावर वरिष्ठांचा सहसा आक्षेप असतो, आणि त्याचे कारणही उघड आहे.

समष्टीचे जे खरे पण अज्ञात मूल्य आपल्याला हवे असते, उदाहरणार्थ सर्व ग्राहकांपैकी नाराज असलेल्यांचे प्रमाण, त्याला प्राचल म्हणतात. नमुन्यावरून काढलेले तेच प्रमाण हा त्या प्राचलाचा अंदाज असतो. प्राचल स्थिर असते. अंदाज मात्र कोणता नमुना हाती लागला त्यानुसार बदलतो. दुसरा नमुना घेतला असता तर अंदाज साधारण किती हलला असता, याचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी. व्यवसायातील अहवालांत अंदाज दिलेला असतो आणि त्रुटी दिलेली नसते. मग मागच्या तिमाहीत ७२ टक्के आणि या तिमाहीत ७४ टक्के समाधान दिसले की सुधारणा झाली असे जाहीर होते. एवढा फरक केवळ नमुना बदलल्यामुळेही पडू शकतो.

चलांच्या, म्हणजे एककागणिक बदलणाऱ्या ज्या गोष्टी आपण नोंदतो त्यांच्या, प्रकारांविषयी फार लिहीत नाही, कारण ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. व्यवहारात महत्त्वाचे एवढेच की गोळा केलेला आकडा मोजमाप आहे, क्रम आहे की नुसते नाव आहे, हे ओळखावे. शाखेचा क्रमांक हे नाव आहे, त्याची सरासरी काढता येत नाही. ‘अतिशय असमाधानी’ ते ‘अतिशय समाधानी’ अशी १ ते ५ ची श्रेणी हा क्रम आहे. तिची सरासरी सर्रास काढली जाते, परंतु ३.४ या आकड्यापेक्षा ‘किती टक्के लोकांनी १ किंवा २ म्हटले’ हे सांगणे निर्णयासाठी जास्त उपयोगी पडते. मोजमाप असेल तेव्हाही सरासरी जपून वापरावी. समजा, नऊ तक्रारी सोडवायला अनुक्रमे २, २, ३, ३, ४, ५, ६, ७ आणि ४० तास लागले. माध्य, म्हणजे नेहमीची सरासरी, ८ तास येतो, पण नऊपैकी आठ तक्रारी त्याहून कमी वेळात सुटल्या आहेत. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा, ४ तास हा नेहमीच्या अनुभवाच्या कितीतरी जवळ जातो. मात्र मनुष्यबळाची एकूण गरज काढायची असेल तर माध्यच हवा, कारण ४० तासांची ती तक्रारही कोणाला तरी सोडवावीच लागते. कोणते माप बरोबर, हे प्रश्नावर अवलंबून आहे.

आता १० टक्क्यांचा मुद्दा. साध्या यादृच्छिक नमुन्यात, म्हणजे यादीतील प्रत्येक एककाला आणि सारख्या आकाराच्या प्रत्येक संभाव्य गटाला निवडले जाण्याची समान संधी असते अशा नमुन्यात, प्रमाणाच्या अंदाजाची त्रुटी मुख्यतः नमुन्यातील एककांच्या संख्येवर अवलंबून असते, समष्टीच्या आकारावर फारच थोडी. ९५ टक्के विश्वास पातळीला, म्हणजे पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर शंभरातल्या सुमारे ९५ वेळा, अंदाज खऱ्या आकड्याच्या ५ टक्के मागेपुढे असावा अशी अपेक्षा असेल आणि प्रमाणाविषयी आधी काहीच माहिती नसेल, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग, असा हिशेब करून ३८५ हा आकडा येतो. समष्टी २,००० ची असेल तर तिच्या मर्यादित आकारासाठीच्या दुरुस्तीनंतर ३२३ पुरतात. समष्टी २ लाखांची असेल तर ३८४ लागतात. १० टक्क्यांच्या नियमाने पहिल्या ठिकाणी २०० झाले असते, जे कमी आहेत, आणि दुसऱ्या ठिकाणी २०,०००, जे निव्वळ पैशांची नासाडी आहे. दुसरे असे की त्रुटी निम्मी करायची तर नमुना दुप्पट नव्हे, चौपट करावा लागतो. ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर यायलाच ३८५ चे १,०६८ होतात.

सरासरी काढायची असेल तर आधी प्रमाण विचलनाचा, म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याच्या मापाचा, अंदाज हवा, आणि तो छोट्या पूर्वचाचणीतून मिळतो. पूर्वचाचणीत प्रतीक्षेच्या वेळेचे प्रमाण विचलन ४० मिनिटे आले आणि सरासरी ५ मिनिटांच्या मागेपुढे हवी असेल, तर १.९६ गुणिले ४० भागिले ५ याचा वर्ग, म्हणजे २४६ नोंदी लागतील. जिथे प्रत्येक मोजणी महाग आहे आणि नमुना जेमतेम आठ-दहाचाच असू शकतो, तिथेही निष्कर्ष काढता येतात. विल्यम गॉसेट यांनी गिनेसच्या मद्यनिर्मिती कंपनीत काम करत असताना नेमक्या याच अडचणीतून वाट काढली आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती प्रसिद्ध केली. त्यांच्या पद्धतीचे सार असे की लहान नमुन्यात प्रमाण विचलनाचा अंदाजही डळमळीत असतो, म्हणून विश्वास अंतराल, म्हणजे खरे मूल्य ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावे असे आपण म्हणतो ती मर्यादा, त्या प्रमाणात रुंद धरावे लागते.

निवडीच्या रीतींपैकी व्यवसायात सर्वांत उपयोगी ठरते ती स्तरित यादृच्छिक निवड. समजा, आपल्या १०,००० ग्राहकांपैकी ९,००० लहान, ९०० मध्यम आणि १०० मोठे आहेत, आणि निम्मी विक्री त्या १०० जणांकडून होते. संपूर्ण यादीतून ४०० जण साध्या यादृच्छिक रीतीने निवडले तर मोठे ग्राहक सरासरी चारच येतील, आणि त्या चौघांवरून काहीच बोलता येणार नाही. म्हणून तीन स्तर करून मोठे १०० च्या १०० घ्यावेत, मध्यमांतून १५० आणि लहानांतून १५० यादृच्छिक रीतीने निवडावेत. येथवर बहुतेक जण बरोबर करतात. चूक होते ती पुढे. समजा, नाराज असलेले ग्राहक मोठ्यांत ३०, मध्यमांत ३० आणि लहानांत १२ निघाले. बेरीज ७२, भागिले ४००, म्हणून १८ टक्के ग्राहक नाराज, असे लिहिले तर ते साफ चुकीचे आहे. नमुन्यातील प्रत्येक लहान ग्राहक ६० जणांचे प्रतिनिधित्व करतो, मध्यम ६ जणांचे आणि मोठा फक्त स्वतःचे. म्हणून १२ गुणिले ६०, अधिक ३० गुणिले ६, अधिक ३०, असे ९३०, आणि १०,००० ने भागून ९.३ टक्के. हा भार लावायचा राहून गेला की आकडा जवळजवळ दुप्पट होतो, आणि संगणक त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही.

पद्धतशीर निवड, म्हणजे यादीतील पहिला क्रमांक यादृच्छिक घेऊन पुढे ठरावीक अंतराने घेत जाणे, सोपी आणि बहुधा निर्धोक असते. फक्त यादीत दडलेली आवर्तने पाहून घ्यावीत. रोजच्या विक्रीच्या नोंदींतून दर सातवी नोंद घेतली तर वर्षभर एकाच वाराची विक्री हाती येईल. गुच्छ निवडीत आधी काही शाखा यादृच्छिक रीतीने निवडून मग त्या शाखांमधील ग्राहकांना विचारले जाते. प्रवासखर्च वाचतो, पण एकाच शाखेचे ग्राहक एकमेकांसारखे असल्याने प्रत्येक नवे उत्तर थोडी कमीच नवी माहिती देते. शाखेमागे २० मुलाखती आणि त्यांच्यातील सारखेपणाचा सहसंबंध केवळ ०.०५ असला तरी अंदाजाचे विचरण (प्रमाण त्रुटीचा वर्ग) १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पट होते, आणि ४०० मुलाखतींचे मोल सुमारे २०५ स्वतंत्र मुलाखतींइतकेच उरते. म्हणून शक्यतो थोड्या शाखांत पुष्कळ मुलाखती घेण्याऐवजी पुष्कळ शाखांत थोड्या घ्याव्यात.

सोयीचा नमुना, म्हणजे जो भेटला त्याला विचारले, किंवा कोटा पद्धत, म्हणजे अमुक इतके पुरुष आणि अमुक इतक्या स्त्रिया मुलाखतकाराने आपल्या पसंतीने गाठल्या, या रीती प्रश्नावली तपासण्यासाठी किंवा नव्या कल्पना गोळा करण्यासाठी जरूर वापराव्यात. त्यांवर आधारित अहवालात ‘अधिक-उणे ५ टक्के’ असे छापणे मात्र अप्रामाणिकपणाचे आहे, कारण कोणाची निवड होण्याची शक्यता किती होती हेच माहीत नसताना त्या त्रुटीला आधार उरत नाही.

यानंतर येतो तो प्रश्न, ज्याच्यापायी माझ्या मते इतर सर्व कारणांहून जास्त पाहण्या वाया जातात: प्रतिसाद न देणारे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने मतचाचणीसाठी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असा अंदाज वर्तवला गेला. प्रत्यक्षात विद्यमान अध्यक्ष रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मते घेऊन निवडून आले. हे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते, पण बहुधा अर्धेच: यादी दूरध्वनीधारकांची आणि मोटारमालकांची, म्हणजे सुखवस्तूंची होती, एवढेच. राज्यशास्त्राचे अभ्यासक पेव्हरिल स्क्वायर यांनी १९८८ मध्ये त्या काळच्या एका सर्वेक्षणाच्या आधारे दाखवून दिले की यादी सदोष होतीच, परंतु मतपत्रिका मिळालेल्या सर्वांनी ती परत पाठवली असती तर विजेता तरी बरोबर ओळखला गेला असता. परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्यातील फरक यादीतील दोषाइतकाच भोवला.

आपल्या पाहणीत हे कसे घडेल ते पाहा. १,००० ग्राहकांना प्रश्नावली पाठवली, ३०० उत्तरे आली आणि त्यांतील २४० जण, म्हणजे ८० टक्के, समाधानी निघाले. नेहमीच्या सूत्राने ९५ टक्के विश्वास पातळीला त्रुटी साडेचार टक्के येते, म्हणून अहवालात ‘७५ ते ८५ टक्के’ असे लिहिले जाते. पण गप्प राहिलेल्या ७०० जणांपैकी निम्मेच समाधानी असतील तर त्या १,००० मधील खरा आकडा २४० अधिक ३५०, म्हणजे ५९ टक्के आहे. आणखी लोकांना प्रश्नावली पाठवून हा दोष जात नाही. १०,००० जणांना पाठवून ३,००० उत्तरे मिळवली तरी तोच चुकीचा आकडा अधिक ठामपणे मिळेल, एवढाच फरक. यावरचा उपाय मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ या अमेरिकी सांख्यिकीतज्ज्ञांनी १९४६ मध्ये मांडला आणि तो आजही तितकाच व्यवहार्य आहे: उत्तर न देणाऱ्यांतूनच एक लहान यादृच्छिक नमुना काढावा आणि सगळी शक्ती त्यांच्यावर खर्च करावी. ७०० मधून १४० निवडा, त्यांना वेगवेगळ्या वेळी फोन करा, गरज पडल्यास प्रत्यक्ष भेटा. त्यांतील ७० समाधानी निघाले तर प्रत्येकाला ५ चा भार देऊन ३५० होतात आणि ५९ टक्क्यांचा आकडा हाती लागतो. व्यवहारात ते १४० ही सगळेच्या सगळे बोलत नाहीत, तरीही या दुसऱ्या फेरीतून मिळालेली ९०-१०० उत्तरे पहिल्या फेरीतल्या ३०० पेक्षा अधिक शिकवून जातात.

पुरेसा प्रतिसाद मिळाला तरी मोजणीचा दोष उरतोच. याचे उत्तम उदाहरण शेतीच्या सांख्यिकीत आहे. पिकाच्या उताऱ्याचा अंदाज घेण्यासाठी शेतातील लहान तुकडे यादृच्छिक रीतीने निवडून कापणी केली जात असे. भारतीय सांख्यिकीतज्ज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवले की तुकडा फार लहान असेल तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. कारण असे की सीमारेषेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की मोजणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याची सीमा क्षेत्रफळाच्या मानाने मोठी. तुकड्यांची संख्या कितीही वाढवली तरी हा कल कायम राहतो. तक्रार ‘वेळेत सुटली’ अशी खूण करण्याचे काम ज्याच्या कामगिरीचे मूल्यमापन त्याच खुणेवरून होणार आहे त्याच्याकडेच असेल, तर सीमेवरच्या नोंदी कोणत्या बाजूला पडतील हे वेगळे सांगायला नको.

प्रश्नावलीतही हेच लागू होते. ‘आमची जलद आणि विनम्र सेवा आपल्याला आवडली का?’ या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि उत्तराची सूचनाही आहे. ‘गेल्या वर्षभरात आपण किती वेळा फोन केला?’ याचे उत्तर कोणालाच आठवत नाही, लोक एखादा गोल आकडा सांगून मोकळे होतात. ‘गेल्या ३० दिवसांत’ असे विचारले तर उत्तराला काही अर्थ उरतो. किंबहुना ते विचारूच नये, फोन केंद्राच्या नोंदी पाहाव्यात. अशा आयत्या नोंदींना दुय्यम माहिती म्हणतात आणि ती स्वस्त पडते. मात्र ती मुळात कोणत्या कामासाठी गोळा झाली आणि तिच्यातील व्याख्या मध्येच बदलल्या का, हे विचारल्याशिवाय वापरू नये. ‘तक्रार बंद’ म्हणजे ग्राहकाचे काम झाले की कर्मचाऱ्याने संगणकावरची खिडकी बंद केली, हे नोंदवही सांगत नाही. ती भरणारा माणूस सांगतो.

तेव्हा आपल्या पाहणीसाठी माझी शिफारस अशी: १,००० जणांचा विचार सोडावा. सोडून गेलेल्यांसह यादी नीट करून, दुबार नोंदी काढून टाकून, वर सांगितलेल्या तीन स्तरांतून ४०० ग्राहक निवडावेत. लहान ग्राहकांत नाराजी ८ टक्क्यांच्या आसपास असेल आणि जवळजवळ सर्वांची उत्तरे मिळाली, तर ९५ टक्के विश्वास पातळीला एकूण अंदाजातील त्रुटी सुमारे ४ टक्के राहील, आणि ज्या निर्णयासाठी हे सारे चालले आहे त्याला ती पुरते. प्रश्नावली आधी वीस-पंचवीस जणांवर, नमुन्याबाहेरच्या, तपासून घ्यावी आणि त्यांनी कुठे अडखळून परत विचारले ते शब्द बदलावेत. उरलेल्या ६०० जणांवरचा खर्च वाचतो तो उत्तर न देणाऱ्यांच्या मागे लागण्यासाठी राखून ठेवावा. अहवालात टक्केवारीच्या शेजारीच किती जण निवडले, किती जणांनी उत्तर दिले, दुसऱ्या फेरीत किती मिळाले आणि कोणता भार लावला, हे चार आकडे छापावेत; ते तळटीपेत टाकू नयेत, कारण बैठकीत तळटीप कोणी वाचत नाही.